रकाना सातवा : खुणा कोणी पाहिल्या

तेवीस वर्षं मी एका माशाबद्दल खोटं बोलत आलो आहे. हे एवढं वाक्य लिहिलं आणि चहा गार होईपर्यंत नुसता बसून राहिलो. बायकोला हे माहीत नाही, मुलीला नाही, ऑफिसात तर नाहीच. तुम्ही पहिले. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तर जमतंय. ओळखीच्या माणसाला सांगायला गेलो की मी ऐन वेळी उकाड्याच्या गप्पांवर येतो.

मासा म्हणजे पाकट. बाजारात पाहिलं असेल तुम्ही — चपटं, सुपाएवढं, मागे चाबकासारखं शेपूट आणि शेपटीत काटा. मी म्हणतो ते ठिपक्यांचं पाकट. पाठीवर हळद उडाल्यासारखे पिवळे ठिपके. तेव्हाही ते क्वचितच मिळायचं. त्याचं लॅटिन नाव मला अजून स्पेलिंगसकट पाठ आहे, पण इथे लिहीत नाही. त्या नावावर आणखी एक कागद माझ्या हातून नको.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे अपराधाचं माप नीट घेता येईल. संपापूर्वी मी लालबागच्या एका गिरणीत टाइम ऑफिसात होतो. हजेरीचा कारकून. माझं मस्टर इतकं स्वच्छ असायचं की ऑडिटवाले ते आधी मागायचे — डोळ्यांना बरं वाटावं म्हणून. चूक झालीच तर एकच सरळ रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, वर बरोबर ते लिहायचं आणि बाजूला सही. गणू मोरे नावाच्या साचेवाल्याची, म्हणजे माग चालवणाऱ्याची, हजेरी एकदा त्याच्या भावाने लावली. मी पकडलं. "जो आला नाही तो आला असं लिहून घेणं म्हणजे मस्टरला विष घालणं," असं मी सगळ्या खात्यादेखत बोललो. गणूची बायको त्या दिवशी बाळंत होत होती, हे मला माहीत होतं. तरी खाडा कायम केला. नियम तो नियम. हे वाक्य लक्षात ठेवा — विष घालणं. शब्द माझेच आहेत.

मग संप झाला. पहिले दोन महिने वाटलं, मिटेल. सहा महिन्यांनंतर आमच्या काळाचौकीच्या चाळीत त्या विषयावर कुणी पैज लावेना. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, समुद्री जीवांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेला "आकडे नीट लिहिणारा माणूस" हवा आहे. आकडे नीट लिहिणारा — म्हणजे मीच नाही का?

मुलाखत घेतली दिघेबाईंनी. डॉक्टर दिघे, माशांच्या. लहानखुऱ्या, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या. त्यांना ठिपक्यांच्या पाकटाच्या माद्या पिल्लं टाकायला कुठे येतात ते शोधायचं होतं. पाकट अंडी घालत नाही, पिल्लं देतं, तीही मोजकीच. ती जागा सापडली तर कोळ्यांना विनंती करून त्या चार महिन्यांत तिथली जाळी थांबवता येतील, म्हणजे हा मासा वाचेल — असं बाईंचं सरळ गणित होतं. मी माझं मस्टर दाखवायला नेलं होतं. त्यांनी ते अशा मायेने पाहिलं की मला भरून आलं. मग त्यांनी विचारलं,

"परब, बोटीची सवय आहे ना?"

आडनाव परब, आई मालवणची. असा माणूस काय म्हणेल? म्हटलं, "आहे तर."

खरी गोष्ट अशी की मी आयुष्यात एकदाच समुद्रावर गेलो होतो. आठ वर्षांचा असताना, लाँचने रेवसला, मामाच्या लग्नाला. लग्नाच्या फोटोत मी नाही. मी लाँचमधून उतरल्यावर आडवा झालो तो वरात घरी आल्यावर उठलो. मला बोट लागते. मालवणी माणसाला बोट लागते — आमच्या घरात एखादा तुरुंगात जाऊन आला असता तरी त्याची चर्चा याहून मोकळेपणाने झाली असती.

काम असं होतं. आठवड्यातून तीन दिवस हिराजी तांडेलाच्या बोटीवर धक्क्यावरून जायचं. जाळ्यात ठिपक्यांचं पाकट आलं की त्याची रुंदी मोजायची, नर की मादी ते लिहायचं, जागा लिहायची आणि ते जिवंत पाण्यात सोडायचं. वहीत सात रकाने. सहाव्यात जागेच्या खुणा. सातव्यात — खुणा कोणी पाहिल्या.

खुणांचं समजावून सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. तेव्हा बोटींवर जागा सांगणारी यंत्रं नव्हती. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, किनाऱ्याकडे बघतो. एखादी गिरणीची चिमणी आणि तिच्या मागचा देवळाचा कळस एका रेषेत आले, ही एक खूण. मग मान वळवून दुसरीकडे बघतो — खडकावरचा दिवा आणि पलीकडच्या डोंगराचं टोक एका रेषेत आलं, ही दुसरी. दोन्ही रेषा जिथे कापतात तिथे आपण. नकाशावर पट्टीने त्या दोन रेषा ओढल्या की जागेचा ठिपका मिळतो. इतकं सोपं. फक्त एक करावं लागतं. मान वर करून बघावं लागतं.

पहिल्या फेरीत मला नऊ वेळा उलटी झाली. नोंद आहे — वेगळ्या वहीत. आई म्हणाली आवळासुपारी चघळ, बायकोने आलेपाक बांधून दिला, शेजारचे म्हणाले पोट रिकामं ठेव, त्यांच्या सासूबाई म्हणाल्या गच्च भर. मी सगळं क्रमाने करून पाहिलं, आकडा नवावरून सातवर आला. शेवटी लागू पडला तो पहिल्याच फेरीत सापडलेला उपाय — दोरखंडाचं वेटोळं आणि बर्फाची पेटी यांच्या मधल्या जागेत उताणं पडायचं आणि डोळ्यांवर ओला टॉवेल ठेवायचा. वही छातीवर. पाकट मिळालं की खलाशी ते माझ्याजवळ आणायचे, जसं आजाऱ्यापाशी एखादं बाळ आणतात तसं. हिराजी शेपूट धरायचा, मी टॉवेल बोटभर वर करून टेप लावायचो. रुंदी मी खरीच मोजली, याची शपथ घेतो. त्या माशाचे डोळे पाठीवर असतात. तो माझ्याकडे बघायचा. दोघेही आडवे, दोघेही चपटे, दोघांनाही परत जायचं असायचं.

पण किनारा? किनारा बघायला उठून बसावं लागत होतं. आणि उठलं की — असो.

"लिवा, परबभाऊ," पहिल्याच दिवशी हिराजी वरून ओरडला. "तुमच्या गिरणीची चिमणी, मागं देवळाचा कळस. हिकडं खडकावरचा दिवा, मागं डोंगराचं टोक."

आमच्या गिरणीची चिमणी! काय वाटलं म्हणून सांगू? तिच्याखाली मी रोज आठ तास बसलेलो आणि आता त्या दरवाज्याला साखळदंड होता. आणि ती इथवर दिसत होती, कोळ्यांना वाट दाखवत होती! टॉवेलाखाली डोळे ओले झाले. ओला टॉवेलच होता, त्यामुळे कळलं नाही. मी खुणा लिहिल्या आणि सातव्या रकान्यात लिहिलं — "स्वतः".

का? "तांडेल" असं लिहिता आलं असतं. तीन अक्षरं. पण मग बाई विचारणार, परब, तुम्ही कुठे होतात? आणि मी म्हणणार, टॉवेलाखाली?

दुसऱ्या फेरीला त्याच खुणा, थोड्या इकडेतिकडे. "स्वतः". तिसऱ्यालाही. दीड वर्षात ठिपक्यांची त्रेचाळीस पाकटं मिळाली आणि त्रेचाळीस वेळा मी "स्वतः" लिहिलं, सुंदर अक्षरात. बाईंनी सगळे ठिपके नकाशावर मांडले. ते इतके एका जागी जमले होते की बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. मला कायम केलं गेलं. नवी मुलं कामाला आली की बाई त्यांना माझी वही दाखवायच्या. "नोंद कशी ठेवतात ते परबांकडून शिका." मुलं शिकायची. मी उकाड्याबद्दल बोलायचो.

इथपर्यंतचं ऐकून तुम्ही म्हणाल, आळस झाला, भित्रेपणा झाला, पण जागा तर खरी होती? मलाही तसंच वाटत होतं.

मग कोळीवाड्यात सभा झाली. बाईंनी चाळीस मिनिटांचं भाषण तयार केलं होतं. विरोध होईल, आरडाओरडा होईल, पोटापाण्याचा प्रश्न आहे — मीसुद्धा घामाघूम. बाईंनी नकाशा टांगला, लाल पेन्सिलीने आखलेला पट्टा दाखवला आणि म्हणाल्या, एवढ्या भागात चार महिने जाळी टाकू नका. सगळे तांडेल वाकून नकाशा बघायला लागले. एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांत म्हातारा होता तो म्हणाला, "नाय टाकनार." मागून दुसरा म्हणाला, "चार कशाला बाई, बारा म्हयने नाय टाकनार!" सभा सात मिनिटांत संपली. बोंबलाची भजी आली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, बाईंना वाटलं लाजतायत. परतीच्या वाटेवर बाई म्हणाल्या, "इतका समंजस समाज मी पाहिला नाही हो, परब."

मी हिराजीला दुसऱ्या दिवशी धक्क्यावर गाठलं. तो जाळं शिवत होता. वर न बघताच म्हणाला, "तिथं गाळ हाय, भाऊ. जालं टाकलं तर चपला येतात. त्या पन एक-एकच, जोडी नाय."

"पण तू तर मला —"

"पयल्या दिवशी मस्करी केली. कोन तांडेल आपली जागा पयल्याच दिवशी सांगतो? म्हटलं, हा मानूस मान वर करंल, बघंल, हसंल, शिव्या घालंल. तुमची चिमणी तिथून दिसतच नाय! मधे धान्याचं कोठार हाय पाच मजली. तुम्ही लिवूनच घेतलं." त्याने दोरा दातांनी तोडला. "मंग रोज वेगलं सांगायचं कसं? आनि चिमणीचं नाव काढलं की तुमचा चेहरा बरा व्हायचा. उलटी कमी व्हायची."

हे खरं होतं. चिमणीचं नाव निघालं की आकडा पाचवर यायचा.

नकाशावर कोठार नव्हतं. रेष चिमणीपासून निघून कोठाराच्या पोटातून सरळ आरपार समुद्रात गेली होती. एकदा — त्रेचाळीसपैकी फक्त एकदा — मी मान वर केली असती तर? मी त्या दिवशी घरी जाऊन नीट जेवलो. बाईंना सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं.

आता पुढची वर्षं ऐका, हसू येईल. पट्ट्याभोवती पिवळे ठिपके रंगवलेले तरंगते बोये टाकले गेले. कोळी तो नियम अगदी निष्ठेने पाळू लागले. बाहेरची एखादी बोट चुकून तिथे आली तर आमचे लोक हातवारे करून ओरडायचे, "ए, पाकटं हायत, दिसत नाय काय!" मोसमात बाई आणि मी तिथे पाहणीला जायचो. पहिल्या वर्षी पाकटं शून्य. दुसऱ्या वर्षी शून्य. तिसऱ्या वर्षी शून्य आणि एक रबरी बूट. हे आकडे मी अगदी खरे लिहिले. बाईंनी त्यावरून असा सिद्धांत मांडला की माणसाचा त्रास थांबल्यामुळे पाकटं निर्धास्त होऊन आणखी खोल गाळात शिरली आहेत. त्याचं टंकलिखित मी तपासून दिलं. शुद्धलेखनाची एक चूक मिळाली, ती दुरुस्त केली.

हसून झालं असेल तर ऐका. आता येतो तिथे, ज्याच्याभोवती इतका वेळ घिरट्या घालतो आहे.

चौथ्या वर्षी एका रविवारी सकाळी हिराजी आमच्या चाळीत आला. चार मजले चढून, हातात कागदात गुंडाळलेले दोन सरंगे. बायकोने चहा टाकला. तो गॅलरीत स्टुलावर बसला आणि लालबागच्या दिशेला चिमण्यांकडे बघत राहिला. धूर कशातूनच येत नव्हता.

"अगोदर मोसमात पंधरा-वीस मिलायची," तो म्हणाला. "औंदा दोन. परवाची भरलेली होती, भाऊ. फळीवर टाकली नि तिनं पिल्लं टाकली. चार. येवढाली, हाताच्या पंजाएवढी, ठिपके पन होते. मी उचलून पान्यात सोडली. तीन तर अगोदरच गेलेली."

त्याने कप खाली ठेवला.

"खरी जागा लिवा."

आणि त्याने सांगितली. तांडेल बापाने मुलाला सांगावी, अशी गोष्ट त्याने आमच्या गॅलरीत मला सांगितली. मी मुलीच्या वहीतलं पान फाडून घेतलं. दोन रेषा, चार खुणा. मग म्हणाला, "मी एकटा नाय टाकनार तिथं. पन माझं एकट्याचं कोन ऐकतंय? बाईचं ऐकतील. लोकांनी हसत का होईना, तिला शब्द दिलाय. मी बाईला सांगितलं तर तुमची वही खोटी पडंल. म्हनून तुम्हीच सांगा."

"उद्याच सांगतो," मी म्हटलं.

ते उद्या सोमवारी होतं. सोमवारी मी ऑफिसात गेलो, बाईंच्या टेबलासमोर उभा राहिलो. चिठ्ठी खिशात. खरी जागा सांगायची तर त्रेचाळीस नोंदी खोट्या ठरतात. सातव्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते बाई आधी बघणार. त्यांनी वर पाहिलं. "काय, परब?"

म्हटलं, "उकडतंय फार."

हे आहे ते. बोट लागणं नव्हे, टॉवेल नव्हे. हे. बाईंना हवी होती ती जागा माझ्या शर्टाच्या खिशात होती, त्यांच्यापासून दोन हातांवर, आणि मी पंख्याचा वेग वाढवून माझ्या टेबलाशी गेलो. ज्याने हे करायचं नव्हतं तो हिराजी आपली जागा सोडून द्यायला चार मजले चढला. ज्याचं कामच हे होतं, त्याला दोन हात चालवलं नाही.

हिराजीने त्यानंतर मला दोनदा विचारलं. "बाई काय बोलली?" मी म्हटलं, विचार करतायत. तिसऱ्या वेळी त्याने विचारलंच नाही. नुसता "काय परबभाऊ, बरं हाय ना?" म्हणाला. तो स्वतः तिथे जाळं टाकत नव्हता. बाकीचे टाकत होते. पुढे त्याने बोट विकली, आणि मग एक दिवस तो गेला. मी अंत्ययात्रेला गेलो होतो. कोळीवाड्यातल्या लोकांनी मला मानाने पुढे घेतलं — आमच्या हिराजीबरोबर समुद्रावर असायचे हे, असं म्हणून.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. आमच्या गिरणीची चिमणी पाडली, चिठ्ठीतली चिमणी होती ती दुसऱ्या गिरणीची, तीही पाडली. कळस उंच इमारतींच्या मागे गेला. आज एखाद्या तांडेलाने ती चिठ्ठी वाचून किनाऱ्याकडे पाहिलं तर त्याला चारपैकी दोनच खुणा मिळतील. ठिपक्यांचं पाकट आमच्या धक्क्यावर शेवटचं कधी आलं त्याची नोंद माझ्याकडे आहे. त्याला बरीच वर्षं झाली. दिघेबाई निवृत्त झाल्या. सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारतात. मी कधीकधी मुद्दाम जातो. परवा त्या कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "परब, आपलं कुठे चुकलं हो?"

"आपलं" म्हणाल्या.

चिमण्या गेल्या तरी जुन्या नकाशावर आहेत. काल मी ऑफिसात थांबून तो काढला, पट्टी लावली, चिठ्ठीवरून दोन रेषा ओढल्या. ठिपका मिळाला. लाल पट्ट्यापासून साडेतीन मैलांवर. मग कपाटातून माझी वही काढली — नव्या मुलांना अजून तीच दाखवतात — आणि सातव्या रकान्यातल्या प्रत्येक "स्वतः"वर एकच सरळ रेघ मारली. खालचं अक्षर वाचता येतं. वर लिहिलं "तांडेल", बाजूला सही आणि कालची तारीख. त्रेचाळीस वेळा. हात दुखला नाही. सहाव्या रकान्यातल्या खुणांपुढे लिहिलं "चूक". शेवटच्या पानावर चव्वेचाळिसावी नोंद केली. रुंदी — माहीत नाही. मादी. पिल्लं चार, एक जिवंत सोडलं. खुणा चिठ्ठीप्रमाणे. नोंद अठरा वर्षं उशिरा, उशीर माझा. खुणा कोणी पाहिल्या — हिराजी तांडेल.

गणू मोऱ्याचा खाडा मात्र आता कुठल्या मस्टरमध्ये शोधू, ते मला माहीत नाही.

बाई दर गुरुवारी जुने कागद बघायला ऑफिसात येतात. वही त्यांच्या टेबलावर ठेवली आहे, शेवटचं पान उघडून, वाऱ्याने उलटू नये म्हणून वर पट्टी. आज बुधवार.